काकांचा लॅपटॉप बोलेना

“सांगू नका!” उजवा तळहात वर करून काका म्हणायचे, आणि खोलीत शिरणारा माणूस उंबऱ्यातच थांबायचा. मग तो चहावाला असो की तालुक्याहून बैठकीला आलेला अधिकारी. काका मान डावीकडे जराशी कलती करायचे, दोन श्वास जाऊ द्यायचे आणि निकाल द्यायचे. “चौथ्या टेबलाचे बाबू. चप्पल नवी हाय. उजवी चावून राहिली.” चौथ्या टेबलाचे बाबू वाकून स्वतःच्या उजव्या पायाकडे बघायचे आणि आम्ही सगळे हसायचो.

नांदेडातल्या एका जिल्हा पातळीच्या ऑफिसात काका सत्तावीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते. ऑफिसचं नाव सांगत नाही. तुमच्या जिल्ह्यातही असं एक असेलच; पिवळ्या भिंती, हिरवे पडदे आणि फायलींच्या उतरंडी. काका लोह्याजवळच्या एका गावचे. चौथीत असताना तापात डोळे गेले. रंगांपैकी करडईच्या फुलाचा तेवढा त्यांना नीट आठवायचा, बाकीचे पुसट झाले होते. जिल्ह्यातले सगळे फोन नंबर मात्र पाठ. कुणी नंबर विचारला की डायरी उघडणाऱ्याच्या आधी काकांचं उत्तर तयार असायचं, आणि वर “दुपारी करा, आत्ता ते जेवून राहिले असतील,” असा सल्ला फुकट.

मी तिथं कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले, अकरा महिन्यांच्या करारावर. हा करार म्हणजे काय, हे ज्यांना माहीत आहे त्यांना मी वेगळं सांगायला नको, आणि ज्यांना माहीत नाही ते सुखी आहेत. दहावा महिना लागला की माणूस साहेबांच्या शिंकेचाही अर्थ लावायला लागतो. त्यात मी मूळची भित्री. हिमायतनगरला आमच्या गल्लीत मला ‘ससुली’ म्हणायचे, आणि त्यात चूक काही नव्हती. काकांनी हे पहिल्याच आठवड्यात ओळखलं. “माय, तू दारातून येताना टाचा टेकवतच न्हाईस,” ते म्हणाले. “चोरावानी येती. कुणाला भेती?” मी म्हणाले, “सगळ्यांनाच, काका.” ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मग टेलिफोनचा बोर्ड गेला. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आल्यावर तो कशाला ठेवतील? दोन माणसं आली, वायरी कापल्या, बोर्ड टेम्पोत घातला. काकांच्या टेबलावर चौकोनी स्वच्छ जागा तेवढी उरली, सभोवती सत्तावीस वर्षांची धूळ. काका तीन महिने त्या मोकळ्या जागेसमोर वेळेवर येऊन बसत होते. त्यांना काय काम द्यावं, यावर एक फाइल फिरत होती.

एका दुपारी चहा पिताना त्यांनी मला लातूरच्या त्यांच्या दोस्ताची गोष्ट सांगितली. “अंधशाळेतला सोबती. त्याचाबी बोर्ड काढला. दारापाशी एक स्टूल दिलं. पगार चालू. काम काय? काहीच न्हाई. नऊ साल बसला, माय. रिटायर होऊन घरी गेला तर बायको म्हणली, तुमचा आवाज कामून बारीक झाला?” काका हसत होते. “वापरच न्हाई तर आवाज काय करंल?” ते हसत होते खरे, पण एक हात टेबलावरच्या त्या मोकळ्या चौकोनावरून फिरत होता. तो मी पाहिला, आणि भीती माझ्या एकटीच्याच वाट्याला आलेली नाही, हे मला पहिल्यांदा कळलं. माझी करार संपण्याची. त्यांची स्टुलाची.

स्टोअरच्या कपाटात एक जुना लॅपटॉप पडला होता. आंधळ्या माणसाला वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर विकत घ्यायचं तर आणखी एक फाइल, म्हणजे आणखी एक वर्ष. मी लातूरच्या कॉलेजातल्या माझ्या जुन्या सरांना फोन लावला. ते म्हणाले, “लिनक्स टाक. फुकट असतं, आणि त्यात पडदा वाचून दाखवणारा आवाजही असतो. मराठीसुद्धा वाचतो, फक्त हसू नकोस.”

हसू आलंच. त्या यंत्राच्या बाईची मराठी अशी काही हेल काढून चालायची की काका पहिल्याच वाक्याला म्हणाले, “सांगू नका! ही देगलूरकडची.” देगलूर तेलंगणाच्या सीमेवर, तिथल्या मराठीला तेलुगूचा हेल. तेव्हापासून ऑफिसात तिचं नाव देगलूरबाई पडलं. ‘मा. महोदय’ला ती ‘मा पूर्णविराम महोदय’ म्हणायची, आणि काका साहेबांच्या माघारी त्यांचा उल्लेख तसाच करायचे. चार महिन्यांत ते मराठी टायपिंग शिकले. बाई एकेक अक्षर उच्चारायची, काका चुकलं की जीभ चावायचे, मागं जाऊन दुरुस्त करायचे. ई-मेलनं येणारं टपाल ऐकायचं, कुठल्या टेबलाचं ते ठरवायचं, आवक नोंदीत टाकायचं, असं काम ते आपणहून करू लागले. मी हेडफोन आणून देते म्हटलं तर नको म्हणाले. “कान झाकले की खोली जाती, माय.” त्यामुळे आख्खं ऑफिस देगलूरबाईचं बोलणं ऐकायचं. सकाळी मी लॅपटॉप चालू केला की काका लांबूनच विचारायचे, “बोलली का?” आणि ती बोलली की मगच पाण्याचा पहिला घोट घ्यायचे.

साहेबांपर्यंत ही बातमी गेली. साहेब वाईट नव्हते, घाईत असायचे. ते काकांच्या टेबलापाशी उभ्या-उभ्याच म्हणाले, “दसरा झाला की मंगळवारी माझ्यासमोर करून दाखवा. जमलं तर टपालाचं टेबल तुमचं. नाही जमलं तर दारापाशी बसा आरामात, पगाराला काही धक्का नाही.” साहेबांना वाटलं, आपण धीर दिला. काकांच्या हातातली काठी खाली पडली. मी ती उचलून दिली.

दसऱ्याआधीचा शेवटचा कामाचा दिवस शुक्रवार होता. त्या दिवशी आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. काका बौद्ध, दसऱ्याला ते गावच्या विहारात असतात, म्हणून शुक्रवारचीच रजा टाकून गेले होते. इकडे आमचे शिपाईमामा ताट घेऊन टेबलाटेबलाशी फिरत होते. झेरॉक्स मशीनला झेंडूचा हार, जीपला लिंबू, स्टेपलरलासुद्धा कुंकवाचा ठिपका. माझी फाइल त्याच आठवड्यात साहेबांच्या टेबलावर होती, त्यामुळे मी कुठल्याही देवाला नाराज करायला तयार नव्हते. मी काकांचा बंद लॅपटॉप पुढं केला आणि म्हणाले, “मामा, हिला जास्तीचं लावा. मंगळवारी हिची परीक्षा हाय.” मामांनी हळद लावली, कुंकू लावलं, अगरबत्ती पेटवली, नारळ फोडला. मी दोन्ही हात जोडून डोळे मिटले. मग पेढे वाटले आणि आम्ही आपापल्या गावच्या गाड्या पकडल्या.

मंगळवारी मी पावणेदहालाच पोचले. लॅपटॉप उघडला, बटण दाबलं. पडदा उजळला. रोज सुरू होताना वाजणारा छोटासा सूर वाजला नाही. मला वाटलं, आवाज कमी असेल. पट्टी बघितली तर पूर्ण भरलेली. वाचून दाखवणारा प्रोग्रॅम चालू होता, पडद्यावर ज्या शब्दाभोवती चौकट सरकायची ती सरकत होती. म्हणजे बाई वाचत होती. ऐकू काही येत नव्हतं.

तुम्हाला तो क्षण माहीत असेल. हातांना आधी कळतं, डोक्याला नंतर. मी लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. काही नाही. काळी खिडकी उघडून सरांनी शिकवलेली आज्ञा टाइप केली, आवाजाचे उभे खांब पडद्यावर आले. हेडफोनचा खांब उघडा, स्पीकरच्या खांबाखाली आवाज बंद असल्याची, कुलपासारखी खूण. मी कळ दाबून कुलूप काढलं. ते पुन्हा लागलं. पुन्हा काढलं, पुन्हा लागलं. आवाज कुठून बाहेर काढायचा, त्या यादीत ‘हेडफोन’ असं ठामपणे लिहिलेलं. पण हेडफोन लावलाच नव्हता! मी लॅपटॉपच्या चारी बाजूंना बघितलं. वायर नाही, काही नाही. यंत्राला कुणाचा तरी कान लागलेला दिसत होता आणि मला तो दिसत नव्हता. तिथंच यादीच्या शेवटी आपोआप मुकं होण्याचा एक पर्याय होता, तो बंद केला असता तर स्पीकर कदाचित बोललेही असते. हे मला फार नंतर कळलं. भ्यालेल्या माणसाचे डोळे उघडे असतात, एवढंच.

सव्वादहाला काठीचा आवाज आला. “बोलली का?”

मी पुन्हा बटण दाबलं.

“माय? हाईस ना तिथं? बोलली का?”

“काका, जरा... जरा वेळ लागून राहिला.”

काका खुर्चीत बसले. नवा पांढरा सदरा घातला होता, इस्त्रीच्या घड्यांसकट. हात नेहमीसारखे कळांवर ठेवले आणि मान कलती केली. ते ऐकत होते. ऐकायला काही नव्हतं. त्यांच्या कपाळावर घाम येताना मी बघितला आणि माझी बोटं आणखी चुकायला लागली. वायरीचा हेडफोन असता तर निदान तो तरी लावून बघितला असता, पण आख्ख्या ऑफिसात कुणाकडे नव्हता, आणि बिनवायरीचं काही त्या जुन्या लॅपटॉपाला जुळत नव्हतं. सरांना फोन लावला. ते तासावर होते, उचलला नाही.

अकरा वाजता साहेब आले. मागं आमचे हेडक्लार्क बडेबाबू, त्यांच्यामागं आणखी दोघं गंमत बघायला.

“हं, काका. दाखवा.”

काकांनी एक कळ दाबली. दुसरी दाबली. “बोलंना,” ते म्हणाले. त्यांचा आवाज त्यांचा वाटत नव्हता.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. “तुम्ही तर म्हणाला होता, सगळं व्यवस्थित आहे. काय झालं?”

मी पुढं जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते, कारण त्यात फिरवण्यासारखं काही नाही. मी म्हणाले, “सर, गुरुवारपर्यंत चांगलं चालत होतं. काकांच्या हातून काहीतरी दाबलं गेलं असेल.”

कुणी मला तसं बोलायला सांगितलं नव्हतं. साहेब रागावलेही नव्हते. माझ्या डोळ्यांसमोर फक्त ती फाइल होती, आणि हिमायतनगरला परत जाणारी एस.टी. काकांनी मान माझ्या दिशेला वळवली. मला वाटलं, आता ते सांगतील की गुरुवारनंतर आज सकाळपर्यंत त्यांनी या यंत्राला हातच लावला नव्हता. ते खरं होतं. रजेचा अर्जही होता.

“हाव, साहेब,” काका म्हणाले. “दाबलं असंल माझ्याच्यानं.”

“असू द्या, असू द्या,” साहेब म्हणाले. “या वयात कशाला त्रास.” आणि ते पुढच्या बैठकीला गेले. दुपारी मामांनी स्टोअरमधून स्टूल काढलं, फडक्यानं पुसलं आणि दारापाशी ठेवलं.

काका त्या स्टुलावर आठ दिवस बसले. मधला रविवार धरला नाही, कामाचेच आठ.

पहिल्या दिवशी बडेबाबू त्यांना म्हणाले, “काका, साहेब समोरून गेले, तुम्ही बसूनच?” बडेबाबूंचा तो स्वभाव, त्यांनी दुसऱ्या मिनिटाला विसरूनही टाकलं असेल. काकांनी नाही टाकलं. दाराजवळ सगळ्यांचीच पावलं एकात एक मिसळतात. वरून पंखा, बाहेरून रस्ता. दुसऱ्या दिवसापासून ते प्रत्येक पावलाला उठायला लागले. मामा चहा घेऊन आले, काका उभे. अर्ज घेऊन एक म्हातारी आली, काका उभे. ती बिचारी घाबरली आणि तिनंच त्यांना हात जोडले. पाचव्या दिवशी दुपारी एक कुत्रं आत शिरलं. फरशीवर त्याची नखं वाजली आणि काका काठी सावरत उभे राहिले. कोपऱ्यात कुणीतरी हसलं.

पावलावरून नवी चप्पल ओळखणारा हा माणूस. त्या आठ दिवसांत ते एकदाही ‘सांगू नका’ म्हणाले नाहीत. माझं टेबल तिथून पंधरा पावलांवर होतं. मी जाता-येता टाचा उचलून जायचे, तरी ते उठायचे, आणि मी ‘काका, मी आहे’ एवढंही म्हणत नव्हते. मला त्यांची भीती वाटत होती. ते काही बोलतील याची, आणि नाही बोलणार याचीही.

लॅपटॉप मी माझ्या टेबलाखाली ठेवला होता. जेवणाच्या सुट्टीत इंटरनेटवर शोधून-शोधून एकेक उपाय करायचे. आवाजाची सगळी जुळणी पुसून नव्यानं केली. तीन वेळा लिनक्सच पुन्हा टाकलं. प्रत्येक वेळी यादीत तेच, हेडफोन. आठव्या दिवशी मला खात्री पटली की स्पीकर जळाले. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. जळाले म्हणजे कुणाचाच दोष नाही. हे सांगायला म्हणून मी लॅपटॉप छातीशी धरून काकांपाशी गेले. ते माझ्याही पावलाला उठले.

“काका, मी हाय. बसा ना. स्पीकर गेले हिचे.”

“गेले?” ते बसले. “दे बरं हिकडं. मुकी झाली तर झाली, भेटून तर घेऊ.”

त्यांनी लॅपटॉप मांडीवर घेतला आणि त्याच्या कडेनं बोटं फिरवली. सावकाश, एक बाजू, मग दुसरी. डाव्या बाजूला बोट थांबलं.

“हे गोल भोक कशाचं?”

“हेडफोनचं. तुम्ही वापरतच नाही.”

“भरलेलं हाय हे.”

मी वाकून बघितलं. काळ्या भोकात काळंच दिसत होतं. काकांनी खिशातून ब्रेल लिहायची सुई काढली. ती त्यांच्याकडे कायम असायची, शाळेपासूनची. डोळे असलेल्या माणसानं घाई केली असती. काकांनी दोन-तीन मिनिटं घेतली. सुईच्या टोकावर नखाएवढा बांबूचा तुकडा आला, एका बाजूनं लाल रंग असलेला. काकांनी तो नाकाजवळ नेला.

“मोगरा,” ते म्हणाले.

आणि मला शुक्रवार दिसला. ताटात केळी नव्हती. दरवर्षी मामा अगरबत्त्या केळ्यात खोचतात. त्या वर्षी केळी सापडली नाहीत, आणि मी ‘हिला जास्तीचं’ म्हणाले होते, म्हणून त्यांनी लॅपटॉपलाच स्वतंत्र अगरबत्ती दिली होती. कुठं खोचायची? भोक तयार होतं. मी समोर डोळे मिटून उभी होते. नंतर ताट उचलताना काडी मोडली असेल आणि बुडखा आत राहिला. त्या भोकात काही गेलं की यंत्राला वाटतं, कुणी कानाला लावून बसलंय, आणि ते मोठ्यानं बोलणं बंद करतं. बाई दहा दिवस त्या काडीच्या कानात बोलत होती.

काकांनी चाचपून एक कळ दाबली. आवाजाची पट्टी मी भरलेलीच ठेवली होती. “आवक नोंद!” देगलूरबाई इतक्या मोठ्यानं ओरडली की सगळ्या टेबलांवरच्या माना वर झाल्या. काका दचकून उभेच राहिले. लॅपटॉप पडता-पडता मी धरला.

“काका,” मी म्हणाले, “ती पूजा मीच करायला लावली होती.”

“कळलं.”

“आणि साहेबांसमोर मी...”

“तुझी फाइल हाय ना आत?” ते हळू आवाजात म्हणाले. “म्या कायम हाव. मला कोण काढून राहिलं? लई तर स्टूल. तुला मातर सरळ घरी धाडलं असतं.” मग त्यांनी काठीनं केबिनकडे इशारा केला. “जा. बोलली म्हणून सांग त्यायला.”

मी केबिनच्या दारापाशी किती वेळ उभी होते मला आठवत नाही. आत गेले तेव्हा साहेब सह्या करत होते. मी म्हणाले, “सर, काकांचा लॅपटॉप दुरुस्त झाला. पूजेच्या वेळी अगरबत्तीची काडी अडकली होती.” पूजा कुणाच्या सांगण्यावरून झाली, ते मात्र मी सांगितलं नाही.

“अच्छा!” साहेबांनी वर बघितलं. “म्हणजे काकांचं काहीच नव्हतं तर.”

“नाही सर.”

त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. त्यांनी विचारलं असतं तर मी सगळं सांगितलं असतं, असं मी अजूनही स्वतःला सांगते. फोन वाजला. “बसवा त्यांना टेबलावर,” फोन उचलता-उचलता ते म्हणाले. “परीक्षा-बिरीक्षा काही नको आता.”

बस्स, एवढंच. काकांना हे सांगितलं तर ते जरासे हिरमुसले. “चार महिने शिकलो, माय. कुणी बघितलंच न्हाई.”

त्याच संध्याकाळी आस्थापनेच्या बाबूंनी मला माझा आदेश दिला. पुढचे अकरा महिने मंजूर. साहेबांच्या सहीखाली तारीख होती शुक्रवारची, पूजेच्या दिवसाची. मी पुन्हा-पुन्हा वाचली. ज्या सहीसाठी मी मंगळवारी काकांना पुढं ढकललं, ती त्याच्या चार दिवस आधीच झालेली होती. मला रडू यायला हवं होतं. मला आधी आनंद झाला. तो झाला, हेही लिहून ठेवते.

काकांनी टपालाचं टेबल दोन वर्षं असं सांभाळलं की वरच्या ऑफिसातून फोन यायचे, तुमच्याकडे टपालाला कोण आहे म्हणून. नोंद चुकली असं एकदाही झालं नाही. देगलूरबाई दिवसभर बोलायची आणि काका तिच्यावर चिडायचे, तिला चिडवायचे. स्टूल मामांनी परत स्टोअरमध्ये टाकलं. बघणाऱ्याला वाटलं असतं, सगळं पहिल्यासारखं झालं.

पण काका उठायचे. आपल्या हक्काच्या टेबलामागं, आपल्या खुर्चीत बसलेले काका, दारात कुणाचंही पाऊल वाजलं की उभे राहायचे. आपण का उठलो हे त्यांना स्वतःलाच कळायचं नाही. मग खुर्ची मागं-पुढं केल्यासारखं करायचे, किंवा खिशात काही शोधायचे. मी दारातूनच मोठ्यानं “काका, मी!” म्हणायला लागले, टाचा आपटत यायला लागले. माझी हाक पोचेपर्यंत ते निम्मे उठलेले असायचे. “बसा ना काका.” “हाव, बसतो.” हे दोन वर्षं, रोज चार-चार वेळा. या बाबतीत आम्ही याहून जास्त काही बोललो नाही. मी माफी मागितली नाही. रोज वाटायचं, उद्या मागू, आणि रोज भीती वाटायची की ते म्हणतील, कशाची?

निवृत्तीनंतर ते लातूरला मुलीकडे राहायला गेले. तिथं मी एकदाच जाऊ शकले, एका परीक्षेच्या निमित्तानं. पुढच्या उन्हाळ्यात काका गेले. मुलीनं फोन करून कळवलं. त्यामुळे तीच आमची शेवटची भेट.

मुलगी एका दवाखान्यात नर्स. वडिलांचीच बोलण्याची ढब, वडिलांचंच हसू. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीत तुळस नाही पण कोरफड, भिंतीवर बाबासाहेब. काका थकले होते, पण खूश दिसले. माझ्या हाताला हात लावून म्हणाले, “कायम झालीस का, माय?” मी नाही म्हणाले. “मंग अजून भेतच असशील,” ते म्हणाले आणि आम्ही दोघं हसलो. मुलीनं चहा आणला. बराच वेळ आम्ही ऑफिसातल्या एकेकाची टवाळी केली.

तेवढ्यात बाहेर जिन्यात पावलं वाजली. वरच्या मजल्यावरचं कुणीतरी असेल, थांबलंसुद्धा नाही. काका चहाचा कप हातात घेऊन उभे राहिले. थोडा चहा सदऱ्यावर सांडला. मुलगी लगबगीनं उठली, त्यांच्या हातातून कप घेतला आणि कौतुकानं माझ्याकडे बघून म्हणाली, “बघा ना ताई, अजून सवय गेली न्हाई. कुणाचंबी पाऊल वाजू द्या, बाबा उभे. तुमच्या ऑफिसात लई शिस्त होती म्हणं. बाबाच सांगतात सगळ्याला.” ती पदरानं त्यांचा सदरा टिपत होती. “खरंच एवढी होती का हो?”

काका उभेच होते. मान डावीकडे कलती होती. ते माझ्या उत्तराची वाट बघत होते. खरं बोलायला याहून सोपी जागा मला परत कधी मिळणार नव्हती, आणि हे मला त्या क्षणीही कळत होतं. तिथं साहेब नव्हते, फाइल नव्हती, मला कुणी काढूनही टाकणार नव्हतं.

“हो,” मी म्हणाले. “फार शिस्त होती.”

“हाव,” काका म्हणाले, आणि खुर्चीचा हात चाचपत खाली बसले.